नकाशातला फुटपाथ

"मच्छीवालीची मुलगी कोण आहे इथे? तू? ये पुढे."

मी सातवीत होते. शाळेत रस्ता सुरक्षा सप्ताह होता. मैदानावर चुन्याने खोटा रस्ता आखला होता, पट्ट्यांसकट. पाहुणे म्हणून आमच्या कोळीवाड्यालगतच्या मोठ्या सोसायटीचे चेअरमन आले होते. त्यांनी असं विचारताच मला बाईंनीच पुढे ढकललं. "हिची आई रोज पाटी घेऊन अंधेरी मार्केटला चालत जाते, साहेब."

"वा! मग दाखव बघू, आई रस्त्यात कशी चालते?"

मी डोक्यावर दप्तर ठेवलं आणि चालले. चेअरमननी चार मुलांना गाड्या व्हायला सांगितलं. पों पों करत मुलं अंगावर आली. एकाने धक्का दिला. दप्तर पडलं, कंपासपेटी उघडली, पट्टी-पेन्सिली सगळीकडे. अख्खं मैदान हसलं.

"बघा मुलांनो," चेअरमन म्हणाले, "ही माणसं म्हशीसारखी चालतात. इकडे बघत नाहीत, तिकडे बघत नाहीत. आणि मेली की गाडीवाल्याला शिव्या. आपण कसं बघायचं? आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मीही हसले होते. हे लिहायला आजही हात जड होतो, पण लिहिते. मी माझ्या आईला हसले होते.

एवढ्यावर थांबले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई निघाली तेव्हा मी तिलाच शिकवायला लागले. आई, आधी उजवीकडे बघायचं, काल पाहुण्यांनी शिकवलं. आईने डोक्यावरची चुंबळ काढून माझ्या डोक्यावर ठेवली आणि त्यावर भरलेली पाटी. बोंबील, मांदेली, वर बर्फ.

"आता बघ उजवीकडं. बघ ना, पोरी. तुजा पावना कदी चाललाय का पाटी घेऊन?"

मान वळेना. वळवायला गेले तर पाटी कलंडायला लागली. बर्फाचं खारट पाणी डोळ्यांत उतरलं. उजवीकडे बघायचं तर अख्खं अंग फिरवावं लागत होतं, आणि तेवढ्यात मागची गाडी अंगावर आली असती. भरली पाटी डोक्यावर असली की फक्त समोर बघता येतं. एवढी साधी गोष्ट. माझ्या आईला माहीत, तिच्या आईला माहीत. मैदानावरच्या एकाही शहाण्याला माहीत नव्हती.

बसने का जात नाही, विचाराल. चढून बघा मासळी घेऊन. वासाने लोक बोंबलतात, खाली उतरवतात.

मग फुटपाथवरून का नाही? फुटपाथ होता. चेअरमनच्या सोसायटीने त्याला तारेचं कुंपण घातलं. आत बोगनवेल, मेंदी, बसायला दोन बाकडी. बाहेर फलक: झाडे लावा. तेव्हापासून कोळीवाड्यातल्या सगळ्या बायका रस्त्याच्या कडेने चालतात. मागून येतं ते त्यांना दिसत नाही.

गेल्या महिन्यात आईला मागून गाडी लागली. सकाळी. लख्ख उजेडात. बोगनवेलीला लागून. खुबा मोडला. पाटीतली कोळंबी रस्ताभर, आणि वरून दुसऱ्या गाड्या जात होत्या. कुणी थांबलं नाही.

आई इस्पितळात बेशुद्ध. मी चौकीवर. हवालदाराने कागद पुढे सरकवला. "सही कर." मी वाचलं. त्याला वाटलं नसावं की मी वाचीन. लिहिलं होतं: सदर बाई बाजूला न बघता अचानक रस्त्यात आली.

गाडीवाला बाकावर बसला होता. त्याच्या शेजारी चेअरमन. गाडीवाला त्यांच्याच सोसायटीतला. त्यांनी मला ओळखलं. हसले. "अरे, ही तर आपली शाळेतली! तुला शिकवलं होतं ना मी, कसं क्रॉस करायचं? घरी सांगितलं नाहीस आईला?"

सात वर्षांपूर्वीच्या त्या टाळ्या ऐकू आल्या. माझ्यासुद्धा.

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "पण ती क्रॉस करत नव्हती, साहेब. ती सरळ चालली होती. तुमच्या बागेच्या कडेने. अचानक रस्त्यात ती आली नाही. तिला रस्त्यात उतरवलंय तुम्ही."

"शिकलीस वाटतं फार," हवालदार म्हणाला. "सही करतेस का नाही?"

नाही केली. कागद तसाच परत सरकवला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला नाही म्हटलं. शूर वगैरे काही नव्हते मी.

मग वॉर्ड ऑफिस. फुटपाथवरच्या कुंपणाबद्दल तीन अर्ज. तिसऱ्या खेपेला तिथल्या साहेबांनी नकाशा उलगडला, बोट ठेवलं. "हा काय फुटपाथ. आहे की! मग तक्रार कसली?"

"तिथे बाग आहे, साहेब."

"नकाशात बाग नाही."

बाहेर येऊन मी जिन्यावर बसले आणि रडले. दुसरं काय करणार? आई परत पाटी उचलणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, काठीने चालली तरी नशीब. घरी ती भिंतीकडे तोंड करून पडून असते. काल म्हणाली, "माजीच चुकी झाली असंल गं." हे ऐकलं आणि रडणं संपलं. ते लोक तिला मैदानात, चौकीवर, ऑफिसात जे शिकवत होते, ते ती शेवटी शिकली होती.

आता ऐका. सायक्लोस्टाइल करून हा कागद मी कोळीवाड्यात आणि सोसायटीच्या प्रत्येक दारात वाटतेय. सोमवारी सकाळी सात वाजता आईची पाटी माझ्या डोक्यावर असेल. मागे शेजारच्या अकरा बायका, त्यांच्या पाट्या. नकाशात जिथे फुटपाथ आहे, तिथूनच आम्ही चालणार. तार लागेल तिथे तार कापू. मेंदी लागेल तिथे मेंदी. कोयते आमचे रोजचेच आहेत. हवालदाराने खुशाल लिहावं. नाव मी सांगेन, स्पेलिंगसकट.

हाक मारू नका. डोक्यावर भरली पाटी असेल, वळून बघता येणार नाही.