मावशींचं वॉरंट

"निघालं का जी?" कोर्टहॉलच्या दारातून मान आत घालून मावशी विचारायच्या.

तुम्ही कधी कोर्टाच्या व्हरांड्यात बसला असाल, तर पाहिलंच असेल. वॉरंट निघू नये म्हणून माणसं हात जोडतात, निघालेलं रद्द व्हावं म्हणून रडतात. नागपूरच्या कोर्टातल्या माझ्या कारकुनीत, वॉरंट निघावं म्हणून हेलपाटे घालणारी ही एकच बाई मी पाहिली. तेही पोटच्या पोरावर.

त्या कामठीच्या. मुलगा पॉवरलूमवर कामाला. तिथल्या मारामारीत त्याच्यावर केस झाली, जामीन मिळाला आणि एक दिवस तो कुणाला न सांगता निघून गेला. मावशी पोलिसांकडे गेल्या, तर "मोठा माणूस आहे, येईल" म्हणून परत पाठवलं. तेव्हापासून त्या दर तारखेला कोर्टात येऊ लागल्या.

आधी जामीनपात्र वॉरंट गेलं. "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा घेऊन परत आलं. मग सरकारी वकिलांनी अजामीनपात्र वॉरंट मागितलं. मी म्हटलं, "मावशी, यात थेट अटक होते. जेलमध्ये जाईल तो."

"जाऊ द्या जी. माह्यासाठी कोण शोधते त्याले? पोलीस तरी शोधतील."

मी वॉरंट तयार केलं, साहेबांनी सही केली. तो कागद पोलिसाच्या हाती जाईपर्यंत मावशी पाहत राहिल्या.

काही महिन्यांनी तो रायपूरला सापडला. कोर्टात आणून उभा केला, तेव्हा त्यानं आईकडे पाहिलंसुद्धा नाही. मावशी माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाल्या, "केस पिकले जी त्याचे."

पुन्हा जामिनावर सुटला, पण कामठीला गेला नाही. मात्र आता वॉरंटच्या धाकानं रायपूरहून दर तारखेला हजर व्हायचा. मावशीही यायच्या. त्याच्याजवळ, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसायच्या.

"जेवला का बाबू?"

"हो."

एवढंच बोलणं. त्यासाठी त्या घडीचं लुगडं नेसून यायच्या.

पुढे साक्षीदार फिरले, तो निर्दोष सुटला. साहेबांना हात जोडून रायपूरची गाडी गाठायला भराभर निघून गेला. मावशी उठायच्या आत.

त्या माझ्याकडे आल्या. "पुढची तारीख कोणती जी?"

"आता तारीख नाही, मावशी. केस संपली. सुटला तुमचा मुलगा."

"हो का? चांगलं झालं."

मी फाटकापर्यंत त्यांच्यासोबत गेलो. कामठीचा ऑटो उभा होता, ऑटोवाला हाका मारत होता. ऑटो भरला, निघून गेला. मावशी स्टेशनच्या रस्त्याकडे बघत तिथंच उभ्या होत्या.