आईचा पाय कुणीकडे करायचा

आमच्या आईला बसायची सवय नव्हती. लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत ती खानावळ चालवायची, आणि खानावळ म्हणजे उभं राहणं. संपाच्या आधी तिच्याकडे गिरणीच्या तिन्ही पाळ्यांचे मिळून तीस-बत्तीस गडी जेवायचे. एक पंगत उठली की दुसरी बसायची. आई तेवढी कधी बसायची नाही. मग संप आला, लांबला, आणि बाबांची गिरणी काही पुन्हा उघडली नाही. बरेचसे गडी गावी परतले. बाबांचे कापड विणायचे साचे थांबले, पण आईची शेगडी थांबली नाही. मी सांगतेय ते त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. तेव्हा आठ-नऊ जेवणारे उरले होते: एक पोस्टमन, दोन वॉर्डबॉय आणि बाकी वॉचमन. त्यांच्या जेवणावर आमचं घर चालायचं, आणि हे आई कुणाला विसरू देत नसे.

तिच्या डाव्या पायाला, घोट्याच्या जरा वर, आतल्या बाजूला जखम झाली होती. आधी खाज सुटली, मग कातडी काळपट पडली, मग एक दिवस फुटली. विचारलं की म्हणायची, "काय नाय गो, पाट लागलो." दीड वर्षं तिला तोच पाट लागत होता. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा धंदाच, आणि घरी आल्यावर तो बंद करायची कळ मला सापडलेली नव्हती. एका मंगळवारी मी तिला जवळजवळ ओढतच परळच्या एका इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि अशाच न भरणाऱ्या जखमांचा अभ्यास करत होत्या. त्यांनी आईच्या पोटऱ्यांवरच्या फुगलेल्या शिरा पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "दिवसातून किती तास उभ्या असता?" आई म्हणाली, "झोपतंय तेवढो वेळ सोडून." बाईंनी समजावलं, की उभं राहून राहून शिरांमधल्या झडपा कामातून गेल्यात, वर जायचं रक्त पायातच तुंबतं आणि जखम भरू देत नाही. मग त्यांनी जखमेवर पारदर्शक कागद ठेवून पेनाने तिची कड गिरवली. त्यानंतर एक बारीक पट्टी लावून जखमेतलं पाणी टिपलं, ती पट्टी इवल्याशा नळीत घातली आणि नळी बर्फात ठेवली. शेवटी बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट बँडेज बांधलं. आठवडाभर सोडायचं नाही. दिवसातून निदान चार वेळा आडवं पडायचं आणि पाय उशांवर, छातीच्या वर ठेवायचा.

आईला आधी तो अपमान वाटला. रक्त तपासतात, लघवी तपासतात, पण जखमेचं पाणी? चाळीचा जिना चढेपर्यंत मात्र त्याचा मान झाला होता. "माझा पाणी मशिनीत घालून बघतत," तिने पहिल्या माळ्यावर सांगितलं. दुसऱ्या माळ्यावर ते पाणी विलायतेला जाणार होतं. मग काय, आख्खी चाळ बघायला येऊ लागली. आल्या माणसाला नुसतं तोंडी सांगून कसं पाठवायचं? चहा झाला की आई बँडेज सोडून जखम दाखवायची आणि पुन्हा गुंडाळायची, पहिल्यापेक्षा सैल. शेजारच्या काकूंनी तर सोबत हळदीची वाटीच आणली.

पुढच्या मंगळवारी बाईंनी बँडेज काढलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पिवळा थर म्हणजे मेलेलं मांस, तो कमी व्हायला हवा, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. इथे तर सगळं पिवळंधमक. त्यांनी हातातली नळी खाली ठेवली आणि दुसऱ्या डॉक्टरांना बोलवायला निघाल्या. मी वाकून वास घेतला. "थांबा," मी म्हटलं, "हे मांस नाही, हळद आहे." मला त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. आई मात्र बाईंनाच म्हणाली, "हळद बरी असता." बाईंनी पाय धुऊन घेतला, आणि खाली खरंखुरं पिवळंही निघालं, थोडं कमी पण होतंच.

आधीच्या आठवड्याच्या पाण्याचा निकाल आला होता आणि तो चांगला नव्हता. बाईंनी सांगितलं, जखम झाली की मेलेलं साफ करायला शरीर काही द्रव्यं सोडतं. काम झालं की ती कमी व्हायला हवीत. आईच्या पाण्यात ती भरपूर होती, आणि आता ती नवं येणारं मांसच खात सुटली होती. सहा आठवड्यांत ती उतरली नाहीत तर भरती व्हायचं, मांडीची कातडी काढून तिथे लावायची, आणि तीन आठवडे खाटेवरून हलायचं नाही. आई एवढंच म्हणाली, "तीन आठवडे? मग माझे माणसा जेवतली खंय?" मला कळलं की ती घाबरली आहे. सुरीला नव्हे. एकदा दुसऱ्या खानावळीची चव लागलेला माणूस परत येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

घरी मी बाबांना ते सगळं सांगितलं. दुपारनंतर गॅलरीत पेपर वाचत बसणारे बाबा सहसा कान देत नसत. त्या दिवशी त्यांनी पेपरची घडी घातली. "म्हणजे साच्यावर कापड चढता, आणि मागसून कोण तरी उसवता?"

"अगदी तसंच."

"उसवता कोण?"

"तिचं उभं राहणं," मी म्हटलं.

ते उठले, घरातल्या तिन्ही उशा आणि गुंडाळलेली वळकटी खाटेवर रचली आणि आईला म्हणाले, "पड."

आई पडली, पण पाय उचलायला तयार नाही. कारण तो करायचा कुणीकडे? पूर्वेला देव्हारा. दक्षिणेला करायचा नाही, तिकडे यम. पश्चिमेला दार, दारापुढे गॅलरी, तिथून सासऱ्यांच्या वयाची माणसं येणार-जाणार, आणि बाईमाणूस त्यांच्या तोंडासमोर पाय उंचावून पडलेली! राहिली उत्तर. उत्तरेला शेगडी, म्हणजे अन्न. मी चिडून म्हटलं, "मग छताला टांगू का?" एवढ्या मोठ्या मुंबईत आईच्या एका पायाला दिशा मिळत नव्हती.

बाबा शांतपणे शेगडीसमोर जाऊन उभे राहिले. "आता शेगडी दिसणा नाय. माझ्याकडे कर."

"तुमच्याकडे? घोवाकडे पाय? नरकात जातलंय मी!"

"नरकात चलत जावक तरी पाय बरो होवक होयो," बाबा म्हणाले.

आई हसली आणि त्या हसण्यात पाय वर गेला. आणि बाबा शेगडीपाशी उभेच होते, तर वरचं आधणही त्यांनीच उतरवलं. खानावळीत बाबा शिरले ते असे. माझ्या हातचं ज्याने एकदा खाल्लं तो दुसऱ्यांदा मागत नसे, त्यामुळे माझा विचारही कुणी केला नाही.

पहिल्या दिवशी बांगड्याच्या आमटीत चार तिरफळं ठेचून घालायची होती. बाबांनी मूठभर घातली. पंगतीतल्या सगळ्यांच्या जिभा बधिर झाल्या. पोस्टमन गाल चाचपत म्हणाला, "माझी दाढ चार दिवस ठणकत होती. थांबली." त्यानंतर आई खाटेवरून ओरडत होती, बाबा साच्यावरच्या सवयीने सगळं मोजून, वेळ लावून करत होते, आणि मी दोघांच्या चुका काढत होते. इतका आनंदाचा महिना आमच्या घरात संपानंतर आला नव्हता. बघायला येणाऱ्यांना बाबा दारातच सांगायचे, "मंगळवारी इस्पितळात येवा. थंय उघडतत."

तिसऱ्या आठवड्यात पिवळ्याच्या जागी लाल, दाणेदार मांस दिसू लागलं. पाचव्यात कडेने दुधावरच्या सायीसारखी पातळ कातडी आत सरकत आली. सहाव्या मंगळवारी बाईंनी सांगितलं, पाण्यातली ती द्रव्यं उतरली आहेत, भरती व्हायची गरज नाही. आणखी महिनाभराने जखम मिटली. मात्र घट्ट मोजे जन्मभर घालायचे, आणि तासन् तास उभं राहणं कायमचं बंद. नाहीतर पुन्हा फुटेल.

दुसऱ्या दिवशी आई पहाटेच उठली आणि मोजे चढवून शेगडीपाशी उभी राहिली. बाबांनी ते पाहिलं. हातातला डाव तिच्या हातात दिला, आणि शर्ट घातला. गिरणी बंद पडल्यापासून ते रोज सकाळी असाच शर्ट घालून बाहेर पडायचे आणि जेवणाच्या वेळेला परत यायचे. कुठे जातात ते आम्ही कधी विचारलं नाही. गिरणीच्या बंद फाटकासमोर ते बसलेले असतात हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं. गेल्या दोन-अडीच महिन्यांत ते एकदाही गेले नव्हते, आणि हे माझ्या ध्यानात आलं ते त्यांना बटणं लावताना पाहून. मला फार वाईट वाटलं.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग खाटेवर येऊन बसली आणि रडायला लागली. दीड वर्षांच्या ठणक्यात ती रडली नव्हती.

"लोक तुमची आमटी मागून घेतत," ती म्हणाली, "माका राग येता. लय राग येता. पण शर्ट काढा. भात लागतलो."