तात्यांची डबेबदली

ओतूरच्या आमच्या वसतिगृहात रेक्टर होते, भिंतीवर नियमांची पाटीही होती. पण एका खोलीतले दोन पार्टनर भांडले की सगळे तात्यांकडे जायचे. तात्या शिपाई. भांडण कुणी उकरून काढलं हे त्यांनी कधीच विचारलं नाही. एवढंच म्हणायचे, "आठ दिस डबं बदला. मंग या माज्याकडं."

आमचे डबे घरून एसटीने यायचे. एकाचा डबा दुसऱ्याने खायचा, तोही समोरासमोर बसून. हा कसला न्याय, असं आम्हाला वाटायचं. पण आठ दिवसांनी तक्रार घेऊन पुन्हा गेलेला मला तरी कुणी आठवत नाही.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी अवसरीचा, बौद्ध घरातला. माझा पार्टनर देवराम पश्चिमेकडच्या डोंगरातला. तो रोज माझ्याकडे पाठ करून जेवायचा. मी समजायचं ते समजलो. आजोबांकडून ऐकलेलं शिवाशिवीचं सगळं डोक्यात भिनलेलं होतं. एका दुपारी त्याची गचांडीच धरली. तात्यांनी आम्हाला सोडवलं आणि डबे बदलायला लावले.

देवरामच्या डब्यात दोन दिवसांची कडक नाचणीची भाकरी होती आणि मिठात वाटलेली मिरची. बस्स. माझी चपाती-भाजी पुढ्यात घेऊन तो खाली मान घालून म्हणाला, "तुज्याम्होरं ही काळी भाकर खायाची लाज वाटायची रं." मी ती भाकरी मोडून मिरचीला लावली. तात्या अंगणात खराटा मारत होते; त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

अशा या माणसाच्या स्वतःच्या घराला मात्र मधोमध भिंत होती. पलीकडे सख्खा धाकटा भाऊ, बाबूअण्णा. कित्येक वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं, आणि ते कशावरून थांबलं हे तात्यांनाही धड सांगता यायचं नाही. देवरामने एकदा विचारलंच, "तात्या, तुमी का न्हाई डबा बदलत?" तात्या हसले. "आमाला 'बदला' म्हणणारं कुणी भेटलंच न्हाई, भाऊ." आम्हीही हसलो. मूर्खच होतो.

पुढे आम्ही दोघं नोकरीला लागलो. बऱ्याच वर्षांनी तात्या अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा भेटायला गेलो. हाडांचा सापळा उरला होता. बोलता बोलता त्यांनी भिंतीकडे मान वळवली. "पलीकडं पिठलं केलंय वाटतं. लई दिस झालं त्या घरचं खाऊन."

आम्हाला कळलं. बाहेर आल्यावर ठरलंही, की बाबूअण्णांशी बोलायचं. पण मोठ्यांच्या भांडणात आपण कसं पडावं म्हणून दोघांनाही संकोच वाटला. पुढच्या रविवारी येऊ, म्हणालो. गुरुवारी तात्या गेले.

मयताच्या घरी चूल पेटत नाही, भाऊबंदांकडून जेवण येतं. माती देऊन परतलो तेव्हा बाबूअण्णा डबा घेऊन दारात उभे होते. डब्यात पिठलं-भाकरी. तात्यांच्या बायकोने, काकूंनी, डबा घेतला. अण्णा आमच्याजवळ येऊन टेकले आणि एकाएकी हुंदके देऊ लागले. "कुनीतरी येऊन म्हणायला पायजे व्हतं रं, पोरांनो. येकदा जरी कुनी म्हणलं असतं, तर मी आलो असतो."

देवरामने माझ्याकडे पाहिलं. तात्यांना भेटून बाहेर आलो त्या दिवशी अण्णांचं दार आमच्यापासून दहा पावलांवर होतं.