एकदम पडणारे दोन ट्रिपर

बाळांनो, तुमच्या आजोबांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं. हे ठाऊक असूनही जळगाव जामोदच्या त्या वायरमनने गिझरला आणि मेनला, दोन्हीकडे करंटची गळती पकडणारे अगदी सारखेच ट्रिपर बसवले. गिझरमधून जरा करंट गळला की दोन्ही एकदम पडत, मशीन बंद होई आणि आजोबा धापा टाकत.

मी जाब विचारला, तर म्हणतो, "आजी, काऊन चिडून राह्यल्या? मेनचा काढूनच टाकतो."

"म्हणजे शॉक लागून मरू का आम्ही? चालता हो!"

शेगावच्या वायरमनने मेनला थोडा उशिरा पडणारा ट्रिपर लावला. आता एकटा गिझरच बंद पडतो. पहिला मात्र बाजारात हसून नमस्कार करतो. मी तोंड फिरवते.