डावखुरी रायफल

दादाराव ढोके यांचा आवाज चढलेला पार्सिपनी गावात कुणी ऐकला नव्हता. तीस वर्षं त्यांनी औषधांच्या काउंटरमागे उभं राहून काढली. औषध संपलं म्हणून चिडलेली माणसं, फोनवर ताटकळत ठेवणारे इन्शुरन्सवाले, गोळी कशी घ्यायची ते चौथ्यांदा विचारणाऱ्या म्हाताऱ्या, सगळ्यांशी ते एकाच सुरात बोलत. म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या एका बंदुकीच्या दुकानात ते भर दुपारी विक्रेत्यावर तडकले, हे त्यांच्या बायकोला, रमाबाईंना, लेकीनं सांगितलं तरी खरं वाटेना.

लेक म्हणजे हर्षिता. जन्म इथलाच, वय एकोणतीस, लग्नाचा विषय काढला की फोनला रेंज नसलेली. पावणेदोन तासांवर होन्सडेल नावाचं डोंगरातलं लहानसं गाव आहे, तिथल्या हायस्कूलमध्ये ती जीवशास्त्र शिकवते. कॅरोल नावाच्या एका विधवा बाईच्या घराचा वरचा मजला तिनं भाड्यानं घेतला आहे. कॅरोल चौऱ्याहत्तर वर्षांची. तिनं आयुष्यभर शाळेची बस चालवली आणि पन्नास वर्षं शिकार केली. हर्षिता तिच्या दारातलं बर्फ उपसायची, कॅरोल तिला हरणाच्या मांसाचं स्ट्यू द्यायची. असे दोन हिवाळे गेले आणि एका रविवारी हर्षितानं घरी फोन केला.

"बाबा, नोव्हेंबरमध्ये मी हंटिंगला जाणार आहे. कॅरोलबरोबर. ब्लॅक बेअर."

"काय?" रमाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "अस्वल? बघायला ना?"

"नाही आई. मारायला."

दादाराव फक्त "बरं" म्हणाले आणि उठून अंगणात गेले. तिथे त्यांनी टोमॅटोच्या झाडांना दुसऱ्यांदा पाणी घातलं.

तीन दिवस ते या विषयावर बोलले नाहीत. दादाराव नागपूरजवळच्या भिवापूरकडचे. त्यांचे मामा सिंदेवाहीजवळ राहायचे. एकदा उन्हाळ्यात मामा पहाटे मोहफुलं वेचायला गेले आणि झाडाखाली अस्वलाच्या तावडीत सापडले. जीव वाचला, पण अर्धा चेहरा गेला. मामा पुढे तीस वर्षं जगले आणि त्या काळात दादारावांनी त्यांना कधी आरशासमोर उभं राहिलेलं पाहिलं नाही. ही भीती एकीकडे. दुसरीकडे रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडून म्हटलेलं पंचशील. पहिलंच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं. त्या आठवड्यात तिथे आलं की त्यांची जीभ अडखळायची.

"नाही म्हणून सांगून टाका तिले," रमाबाई म्हणाल्या.

"कोणत्या तोंडानं सांगू? दर रविवारी तुझ्या हातचं मटण खातो मी."

हे हर्षितानंही त्यांना ऐकवलं होतं, पण टोचून नव्हे. तिसऱ्या दिवशी तिनं त्यांना एकट्याला फोन केला. "बाबा, मी मुलांना डिसेक्शन शिकवते. ॲनिमल कसा बनलेला असतो ते सगळं माहीत आहे मला. पण मी जे खाते ते कुणीतरी दुसऱ्यानं मारलेलं असतं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. एकदा तरी ते माझ्या हातून व्हावं, म्हणजे मला कळेल की मला ते खायचा राइट आहे की नाही. आणि कॅरोलचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे जानेवारीत. ती म्हणते, हा तिचा शेवटचा सीझन. तिला एकटीनं जाऊ देऊ?"

दादाराव म्हणाले, "मला पटलं नाही पोरी. पण बंदूक कोणती घेणार तू?"

"कॅरोलच्या नवऱ्याची जुनी आहे, पण ती मला फार लांब पडते. नवीन बघायला जाणार आहे शनिवारी."

"मी येतो."

दुकानाची शिफारस कॅरोलनं केली होती. आत लाकडाचा आणि तेलाचा वास होता, भिंतीवर रांगेनं रायफली लावलेल्या. काउंटरमागचा माणूस पन्नाशीचा, बोलायला गोड. अस्वलासाठी म्हटल्यावर त्यानं वरच्या फळीवरची एक लांबलचक रायफल काढली आणि दादारावांच्याच हातात दिली. "मॅग्नम. समोर काहीही असो, जागेवर आडवं होईल."

दादारावांनी ती लगेच हर्षिताकडे दिली. "घेणार ती आहे."

हर्षितानं रायफल खांद्याला लावली. तिची उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. खांद्याला टेकवायचा मागचा दस्ता काखेत अडकला आणि नळी जमिनीकडे झुकली.

"याचा धक्का किती बसतो?" दादारावांनी विचारलं.

"खणखणीत बसतो. पण ताकद म्हणजे ताकद."

"इथल्या अस्वलाला एवढी लागते का?"

माणूस जरा घुटमळला. "लागते असं नाही. पण जास्त असलेली बरी."

"मी फार्मासिस्ट आहे," दादाराव म्हणाले. "जास्त म्हणजे बरं, असं आमच्याकडे नसतं. हिच्या वजनाला झेपेल आणि प्राण्याला तडफडावं लागणार नाही, असं दाखवा."

मग मध्यम गोळीच्या रायफली निघाल्या. सात मिलिमीटर गोळीची एक आखूड, हलकी रायफल हर्षिताच्या हातात नीट बसली. ती खुशीत आली. पण तिनं दस्ता डाव्या खांद्याला टेकवला होता, डोळाही डावाच लावला होता, आणि गोळी आत सरकवायचा बोल्ट मात्र होता उजव्या बाजूला. प्रत्येक वेळी तिला नळीवरून हात पलीकडे न्यावा लागे आणि रायफल खांद्यावरून सुटे.

"डावखुऱ्यांसाठी येत नाही का ही?" दादारावांनी विचारलं.

"येते, पण ऑर्डर करावी लागते. महिना लागेल," विक्रेता म्हणाला. "त्यापेक्षा तिला उजव्या हातानं शिकू दे. चार दिवसांत सवय होते. बहुतेक सगळे तसंच करतात."

"नाही होत सवय," दादाराव म्हणाले.

"अहो, नुसता हात तर बदलायचा..."

"नुसता हात?" आणि इथे त्यांचा आवाज चढला. "तिच्या हाताला काही झालेलं नाही! तो हात बदलणार नाही. रायफल बदला!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली. हर्षितानं हळूच त्यांच्या बाहीला धरलं. दादारावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विक्रेत्याला सॉरी म्हणाले. विक्रेताही समजूतदार निघाला. म्हणाला, "ऑर्डर लिहितो. दस्ताही एक इंच आखूड करून मागवतो."

गाडी चालवता चालवता हर्षितानं विचारलं, "बाबा, काय झालं ते आत?"

दादारावांनी तिला कधी न सांगितलेलं सांगितलं. ते जन्माचे डावखुरे. शाळेत गुरुजी डाव्या हाताच्या बोटांवर पट्टी मारत. घरी आई जेवताना तो हात फडक्यानं कमरेशी बांधून ठेवी. ती रडत रडत बांधायची, पण बांधायची. पहिली दोन वर्षं त्यांना वाचता येत होतं, तरी लिहिता येत नव्हतं. गुरुजींनी डोक्यानं मंद म्हणून शेरा दिला होता.

"तू चार वर्षांची असताना आपण नागपूरला गेलो होतो," ते म्हणाले. "तू डाव्या हातानं घास घेतलास तर सगळे धावले तुझा हात बदलायला. मी तुझं ताट उचललं आणि तुला घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो."

"मला आठवत नाही."

"आठवू नये म्हणूनच तर उठलो ना."

होन्सडेल येईपर्यंत हर्षितानं त्यांचा डावा हात आपल्या मांडीवर धरून ठेवला होता.

सप्टेंबरच्या अखेरीला रायफल आली. तोवर हर्षितानं सरकारी नियमाप्रमाणे शिकाऱ्यांचा कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं. दर शनिवारी कॅरोल तिला गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर नेई. दादारावांनी शनिवारची ड्यूटी बदलून घेतली आणि तेही कानांवर जाड मफ चढवून मागे उभे राहू लागले. सुरुवातीला नेम बरा लागे, मग बिघडे. एका शनिवारी कॅरोलनं गुपचूप एक रिकामं काडतूस भरलं. हर्षितानं ट्रिगर ओढला. आवाज झालाच नाही, तरी नळी खाडकन खाली गेली.

"बघितलंस?" कॅरोल म्हणाली. "धक्का बसायच्या आधीच तू घाबरतेस."

हर्षिताच्या डोळ्यांत पाणी आलं. "प्राण्याला अर्धवट लागली तर?"

दादाराव पुढे झाले आणि तिच्याजवळ खाली बसले. "लहानपणी इंजेक्शन घेताना तू श्वास कोंडून धरायचीस. आताही तेच करते आहेस. विहारात आपण बसायचो ना, आठवतं? श्वास येतो, जातो. त्याला ओढायचं नाही, फक्त बघायचं. तो बाहेर जाऊन थांबतो, तेवढ्यात बोट आवळ."

"बाबा, तुम्ही मला आनापान शिकवताय? बंदूक चालवायला?"

"मलाही विचित्रच वाटतंय," दादाराव म्हणाले. "पण चुकीची लागण्यापेक्षा नीट लागलेली बरी. दुःख तेवढंच कमी."

तासाभरात पाच गोळ्या एका बशीएवढ्या जागेत बसू लागल्या. कॅरोलनं निशाणाचा कागद काढून दादारावांच्या हातात दिला. "तुम्ही माझ्या नवऱ्यापेक्षा बरे मास्तर आहात. तो नुसता ओरडायचा."

मग बाकीची तयारी झाली. नारिंगी जाकीट आणि टोपी, सुरी, दोर, अस्वल ओढून आणायला प्लास्टिकची घसरगाडी. प्रथमोपचाराची पिशवी दादारावांनी स्वतः भरली, आणि ती इतकी भरली की निम्मी कॅरोलनं परत काढली. जेवणाच्या टेबलावर कॅरोलनं अस्वलाचं चित्र काढून नेम कुठे धरायचा ते दाखवलं.

"बरोबर पिल्लं असली तर?" दादारावांनी विचारलं.

"तर बघायचं आणि घरी यायचं. आधी पाच मिनिटं नुसतं बघायचं. मगच रायफल उचलायची."

नोव्हेंबरातला तो शनिवार उजाडला तेव्हा दादाराव आणि रमाबाई कॅरोलच्या स्वयंपाकघरात होते. दोघी शिकारी अंधार असतानाच गेल्या होत्या. खिडकीबाहेर ओकची उघडी झाडं, मधेमधे हिरवे हेमलॉक आणि जमिनीवर बर्फाचा पातळ थर. रमाबाईंनी तिसऱ्यांदा चहा ठेवला. पावणेदहाला टेकडीकडून एकच आवाज आला. दोघं उभीच राहिली. दुसरा आवाज आला नाही.

दहा मिनिटांनी फोन वाजला. "बाबा," हर्षिताचा आवाज अगदी बारीक झाला होता, "या ना इकडे."

दादाराव नारिंगी जाकीट घालून पायवाटेनं चढले. वर एका ओंडक्यावर कॅरोल आपला दुखरा पाय लांब करून बसली होती. पलीकडे हर्षिता गुडघे टेकून होती आणि तिच्यापुढे अस्वल पडलं होतं. मोठा नर, काळाभोर. पन्नास पावलंही पळालं नव्हतं. बर्फावर रक्त फारसं नव्हतं.

"पाच मिनिटं बघितलं त्याला," ती म्हणाली. "तो ओकच्या बिया खात होता. इतका मन लावून खात होता, बाबा. मग मी श्वास..."

दादाराव तिच्या शेजारी बसले. आयुष्यभर ज्या जनावराच्या नुसत्या नावानं त्यांच्या अंगावर काटा यायचा, ते वीतभर अंतरावर होतं. त्यांनी हातमोजा काढला आणि त्याच्या पंजावर हात ठेवला. तळवा अजून गरम होता, भेगाळलेला, शेतात राबणाऱ्या माणसाच्या टाचेसारखा. ओठांवर बियांचा चुरा चिकटलेला होता. त्यांनी तो रुमालानं पुसून काढला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मी चुकले का?" हर्षितानं विचारलं.

"माहीत नाही," दादाराव म्हणाले. "चूक नाही म्हणालो तर खोटं होईल, चूक म्हणालो तरी खोटं होईल. पण रडते आहेस ना, ते बरं आहे. माझ्याकडे सरक."

ती त्यांच्या कुशीत शिरून रडली. कॅरोलनं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ती झाडांकडे बघत बसली. पोरीचं रडणं संपेपर्यंत दोघांपैकी कुणीही घाई केली नाही.

पुढे काम बरंच होतं. कॅरोलनं दाखवलं, हर्षितानं सुरी चालवली, दादारावांनी पाय धरले. अस्वल घसरगाडीवरून खाली आणलं आणि नियमाप्रमाणे सरकारी केंद्रावर तपासायला नेलं. तिथल्या तरुण बाईनं त्याचं वजन केलं, वय कळावं म्हणून एक लहानसा दात काढून घेतला आणि हर्षिताचं नाव दोनदा विचारून बरोबर लिहिलं.

रविवारी दुपारी कॅरोलच्याच स्वयंपाकघरात रमाबाईंनी रस्सा केला. कच्चं राहता कामा नये म्हणून दादाराव थर्मामीटर घेऊन पातेल्याशी उभेच होते. "तुमच्या औषधाच्या दुकानात नाही उभी राहत मी!" असं म्हणून रमाबाईंनी त्यांना दोनदा हाकललं. जेवायला चौघं बसली. कॅरोलनं पहिल्या घासाला पाणी मागितलं, दुसऱ्याला आणखी रस्सा. हर्षितानं सावकाश, ताटातला एकही तुकडा न टाकता जेवण केलं. दादारावांनी थोडं घेतलं आणि तेवढं संपवलं.

निघायची वेळ झाली तेव्हा हर्षिता दारातलं बर्फ काढून येऊन सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली होती, पायात ओले बूट तसेच. दादारावांनी खाली बसून नाड्या सोडल्या, एकेक बूट हळूच काढला, मोजे काढले आणि तिचे गार पडलेले पाय आपल्या तळहातांत धरून चोळत राहिले.

"चला ना, उशीर होतो आहे," रमाबाई दारातून म्हणाल्या.

"थांब," दादाराव म्हणाले, "पाय गरम होऊ दे तिचे."