हललेला फोटो

सुकदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिलच्या गेटवरच उभा होतो, फोटोसाठी तो मला उभं करायचा नेमका त्याच जागी. दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. मी स्मशानात गेलो, पण खांदा दिला नाही. लोकांनी ते पाहिलं... पाहू देत.

आम्ही दोघे धुळ्याकडचे, परराज्यात, पांडेसऱ्यात, कापड रंगवणाऱ्या एकाच डाईंग मिलमध्ये कामाला. त्याला रस्त्यावरच्या फोटोंचं वेड. शिफ्ट सुटली की तो समोरच्या टपरीच्या बाकड्यावर चढायचा आणि मला गर्दीच्या मधोमध उभं करायचा. "आठेच उभा राय, हालू नको." शटर हळू ठेवलं की चालणारी माणसं पुसट येतात आणि थांबलेला तेवढा स्वच्छ येतो, हे त्यानेच मला शिकवलं. सायकलवाले शिव्या घालायचे, धक्के बसायचे, मी श्वास धरून उभा. गर्दीचं वाहणं दिसायला कुणालातरी थांबावं लागतं, आणि ते थांबणं माझं होतं. खरं सांगतो, मला त्याचा अभिमान वाटायचा.

त्या दिवशीही तसाच उभा होतो. कापडाच्या टेम्पोचा धक्का लागून एक म्हातारा कामगार माझ्यापासून चार हातांवर पडला. सवयीने मी क्षण-दोन क्षण हललो नाही. मग धावलो, त्याला उचललं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सुकदेव बाकड्यावरच होता.

गणपतीत मंडळाच्या मांडवात त्याचे फोटो लागले. मधोमध मोठा मी, ताठ, स्वच्छ. पुढ्यात म्हातारा पडलेला, भोवती पुसट गर्दी. खाली नाव दिलेलं, 'बघ्या'. मिलमध्ये मला त्याच नावाने हाका सुरू झाल्या. मुलीने विचारलं, "पप्पा, तुम्ही त्या आजोबांना उचललं नाही?"

मी त्याला गाठलं. "हालू नको, हे तूच सांगितलं होतंस ना?" तो शांतपणे म्हणाला, "फोटो भारी उना रे भाऊ. त्यामा तू नही, एक माणूस शे." त्याच्या लेखी त्यात मी नव्हतोच, नुसता एक माणूस होता. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही.

तेराव्यानंतर त्याची बायको, सुमनवहिनी, घरी आल्या. त्याच्या कपाटात माझ्या नावाचं पाकीट सापडलं होतं. आत त्याच दिवसाचा पुढचा फोटो. यात गर्दी थबकलेली, प्रत्येक चेहरा स्वच्छ. आणि त्या सगळ्यांमधून म्हाताऱ्याकडे ओढला गेलेला एक निळसर पट्टा. माझा निळा शर्ट. मागे त्याच्या अक्षरात माझं नाव, आणि पुढे, 'धावतोय'.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. दोन्ही फोटो त्याच्यापाशी होते, आणि मांडवात कुठला लावायचा हे त्याने ठरवलं. अजाणता झालं असतं तर मी माफ केलं असतं, सुकदेव.

तो फोटो मी घरात लावलाय. मुलगी विचारते, यात तुम्ही कुठे? मी त्या पट्ट्यावर बोट ठेवतो. ती बराच वेळ बघते आणि म्हणते, "दिसत नाही, पप्पा."