कुलपापाशी थांबलेली सुमन

माझ्यासोबत काम करणारी सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडच्या कार्यालयात आमच्याच अहवालाची नवी प्रत तपासत होते. "ताई, अक्का गेली..." एवढेच तिचा भाऊ बोलू शकला. खिडकीतून कडुनिंबाच्या मोहराचा वास येत होता, आणि दुःखाच्याही आधी माझ्या मनात एक क्षुद्र सुटका उमटली: या अहवालातल्या त्या प्रकरणावर हक्क सांगणारे आता कोणी उरले नाही. महिना उलटला, त्या क्षणाची लाज अजून ओली आहे.

गरीब कुटुंबांना ठरलेल्या रुग्णालयात मोफत उपचार देणाऱ्या एका योजनेत सुधारणा झाली होती. शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या रुग्णाकडे परिचारिकेने तीनदा जायचे. त्या भेटींनी खरोखर काही बदलते का, हे घरोघर पडताळणे आम्हा दोघींचे काम. मी कवितेची विद्यार्थिनी. प्रश्नावलीतला एकेक शब्द तासून गुळगुळीत केलेला. पण माझ्यापुढे बायका पदर सावरून "समदं बेस हाय" म्हणत, आणि सुमनपुढे त्याच बायका रडत, भांडत, खिदळत. मला तिचा हेवा वाटे... तिच्या भेगाळलेल्या टाचांचासुद्धा, कारण त्या कुठल्याही अंगणात परक्या दिसत नसत.

वडवणीजवळच्या एका वस्तीवर दिवाळीनंतर बहुतेक घरांना कुलपे होती. माणसे ऊसतोडीला गेलेली. परिचारिकेच्या वहीत त्या घरांपुढे 'तक्रार नाही' अशी नोंद होती. मीही तेच उतरवून पुढे निघाले. सुमन एका कुलपापाशी थांबली.

"बाईसाहेब, कुलपाला इचारलं का, टाके दुखतेत का म्हून?"

मी चिडले. तिने शेजारच्या म्हातारीकडून टोळीचा ठावठिकाणा काढला आणि दुसऱ्या दिवशी मला माजलगावच्या एसटीत बसवले.

कारखान्याच्या मळीचा आंबूस वास तोडणीवाल्यांच्या झोपड्यांवर साचला होता. त्या कुलूपबंद घरातली जनाबाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन येत होती. पोटावर लुगडे घट्ट आवळलेले. मी तब्येत विचारली. "बेस हाय," ती म्हणाली. सुमनने काही न विचारता आधी तिची मोळी खाली उतरवली.

"किती दिस झाले ग, पाणी येतंय त्यातून?"

"...लई दिस झाले, अक्का. टोळी सोडून कुठं जाऊ?"

पोटावरची शस्त्रक्रियेची जखम चिघळली होती. सुमनने तिला तिथूनच दवाखान्यात नेले.

कुलपांची घरे वेगळी काढल्यावर आमचा सारा निष्कर्षच फिरला: तिथे 'तक्रार नाही' म्हणजे भेटच झालेली नव्हती. ते प्रकरण मी लिहिले, देखणे लिहिले, आणि त्याखाली माझे एकटीचे नाव घातले. सुमनने वाचून पान मिटले.

"लई ग्वाड लिहितीस ग. मला वाटलं, मीबी असंन त्यात कुठंतरी."

ती हसली. मी नाव तसेच ठेवले.

नव्या प्रतीत त्या प्रकरणाखाली आता पहिले नाव तिचे आहे. "आता त्याचा त्यांना काय उपयोग?" साहेबांनी विचारले. दुरुस्ती मी मागे घेतली नाही.

गेल्या आठवड्यात पुढच्या फेरीसाठी नेकनूरकडे गेले होते. बाजेवर बसलेल्या एका म्हातारीने मला आपादमस्तक न्याहाळले. "तुमी सुमनबाईच्या का?"

तोच जुना हेवा वर आला. माझे नाव, माझे शिक्षण, सारे जिभेवर आले होते.

"हो," मी म्हणाले. "त्यांचीच."

म्हातारीने गोधडी सरकवून बाजेवर जागा केली. "मंग बसा की. उभ्यानं काय कळतंय?"